ऑक्टोबरचा कांदा

हटराइटांच्या वसाहतीवरून
पन्नास पौंडांचं पोतं येतं, वर्षातून एकदाच,
सस्कॅचेवानची माती दगड व्हायच्या आत.
मी गॅरेजचं दार सताड उघडते, वारा आत घेते
आणि दिवसभर चिरत बसते.
बत्तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढलेली बाई मी.
हात अजून चालतो, फक्त अंगठा
मधूनच कुरकुरतो, बिजागरीसारखा.

यंदा वेंडेलनं कुंपणापलीकडून पाहिलं :
मी बाहीला डोळे पुसतेय, नाक ओढतेय, परत पुसतेय.
तासाभरात दारात हजर.
हातात झाकलेलं भांडं, टोपी काढून काखेत.
"कोण गेलं, ओटिलिया?"
मी सुरीनंच पोतं दाखवलं.

भांड्यात बटाटे, वर चीज.
बटाटे कच्चे, मीठ दोनदा पडलेलं.
आयरीन घरी असती तर असं झालं नसतं,
पण आयरीन आता नदीपलीकडच्या त्या इमारतीत असते
जिथे दारांना आकड्यांची कुलपं आहेत,
आणि वेंडेलला रोज विचारते,
तुम्ही बस चालवता का?

बसला तोही. त्याला बोथट सुरी दिली.
चिरणं कसलं, लाकडं फोडणं ते!
मी आपली सांगत गेले, गप्प बसणं जड जात होतं म्हणून :
चिरलेला कांदा आधी ताटात पसर, एकेरी,
ताट तसंच फ्रीझरमध्ये.
दोन तासांनी खडीसारखा सुटा होतो, मगच पिशवीत,
नाहीतर गोळा होतो, हातोडी लागते.
पिशवी उराशी धरून हवा काढ,
बाळाचा ढेकर काढतात तशी.
आणि पिशवीवर दुसरी पिशवी. हे विसरू नकोस.
एका वर्षी मी विसरले,
तर कॉलिनच्या वाढदिवसाचा व्हॅनिला आइस्क्रीमचा केक
मेणबत्त्यांसकट कांद्याचा निघाला.
नातू बावीसचा झाला तरी अजून ते उगाळतो.

वेंडेल हसला, मग डोळे पुसले.
पोतं संपलं. ताटं आत गेली.
टेबल धुऊन झालं, सालं डब्यात गेली,
तो पुसतच होता.
मी म्हटलं, यंदाचा कांदा फार झणझणीत.
तो म्हणाला, फार.

जाताना त्याच्या चार पिशव्या त्याला दिल्या,
चिकटपट्टीवर तारीख घालून.
एक माझ्याकडेच राहिली, चुकून.

फेब्रुवारी. उणे चौतीस.
महामार्ग बंद, शहरात जायची सोय नाही.
साडेपाचला फोन :
"आधी विरघळू द्यायचा का?"
मुळीच नको, लगदा होईल. लोणी तापलंय?
"तापलंय."
मूठभर घे. गोठलेलाच टाक. मागे सरक.

चर्रर्र.

"पाणी सुटलं गं, केवढं!"
सुटू दे. आटेल. ताज्यापेक्षा जास्त वेळ घेतो तो.
झाकण ठेवू नकोस, आच कमी करू नकोस.
"लाल होईल?"
होईल. कुरकुरीत नाही होणार, पण लाल होईल.

फोन त्यानं शेगडीशेजारी ठेवला असावा.
बुडबुड ऐकू येत होती, मधे उलथन्याची खरखर.
दोन घरांमध्ये कमरेएवढा बर्फ,
पलीकडे त्याची खिडकी वाफेनं पांढरी.
माझ्याही तव्यावर त्याचीच पिशवी रिकामी केली होती :
कुठे बोटभर फाक, कुठे नखाएवढा तुकडा,
एक करपू लागला तरी दुसरा कच्चाच.
मी ढवळत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे.
बुडबुड हळूहळू विरली,
बारीक तडतड उरली.
मग लांबून, फोनपासून दूर उभं राहून बोलल्यासारखा,
तो म्हणाला,
"वास आला."